आईची पंचाहत्तरी आणि सवाई: तीन पिढ्यांनी मिळून मैफलीला जायचं तर

आईच्या सत्तरीला आम्ही तिला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला नेलं होतं. पुढची जागा मिळावी म्हणून दुपारी तीनलाच मांडवात पोचलो, भारतीय बैठकीत चटई पसरली. ज्यांच्या गाण्यासाठी ती आली होती ते गायक रात्री साडेआठला मंचावर आले, तोवर आईची पाठ धरली होती. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगात आला असताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "घरी जाऊ या का गं?" आम्ही उठलो. वाटेत ती काही बोलली नाही. चूक पूर्णपणे आमची होती. तिकीट, जागा, डबा असं सगळं पाहिलं होतं. तिच्या अंगात ताकद किती वेळ टिकेल आणि ती कुठल्या तासाला लागेल, एवढंच पाहिलं नव्हतं.

पाच वर्षांनी पंचाहत्तरीला परत गेलो, तेव्हा उलट बाजूनं आखणी केली. आधी आईचं गाणं कोणतं ते ठरवलं आणि तिथून मागे येत बाकीचं. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. उदाहरण पुण्याच्या सवाईचं आहे, पण दादर-पार्ल्याच्या संगीतसभेला किंवा पणजीच्या समारोहाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

दिवस निवडताना वाढदिवसाची तारीख बाजूला ठेवा

सवाई साधारणपणे डिसेंबरात असतो. आईचा वाढदिवस मार्गशीर्षातला, म्हणून जवळपास जुळतो. पण नेमक्या तारखेचा हट्ट धरू नये. औक्षण वाढदिवसाला घरी करावं, मैफल मात्र ज्या दिवशी आवडतं गाणं आहे त्या दिवशीची घ्यावी. महोत्सव अनेक दिवस चालतो. सगळ्या दिवसांचं एकत्रित तिकीट स्वस्त पडतं म्हणून मोह होतो. पंचाहत्तरीच्या माणसासाठी ते घेऊ नका. एकच दिवस, तोही पूर्ण नाही.

कलाकारांची दिवसवार यादी जाहीर झाली की ती मोठ्या अक्षरांत छापून आईसमोर, बाबांसमोर ठेवा आणि पेन त्यांच्या हातात द्या. "कोण ऐकायचंय?" असं विचारलं तर बरेचदा "तुम्ही न्याल तिथे" असंच उत्तर येतं. त्याऐवजी जुन्या आठवणीतून विचारा. माझी आई शनिवारी रात्री आकाशवाणीवरची अखिल भारतीय संगीत सभा ऐकत मोठी झाली. ती सभा १९५२पासूनची. कुणाचं गाणं लागलं की आजोबा दिवा बारीक करून बसायचे, असं विचारल्यावर तिनं धडाधड चार नावं सांगितली. चारही किराणा घराण्याची, म्हणजे गायकीच्या एकाच परंपरेतली, निघाली. यादीत त्या घराण्याचं कोण आहे ते शोधणं मग सोपं गेलं.

या महोत्सवाला किराण्याचं नातं आहेच. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी, १९५३मध्ये, हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि त्यांचंही नाव महोत्सवाच्या नावात आलं. मुलांना एवढं आधी सांगून ठेवा: एका शिष्यानं गुरूची आठवण म्हणून सुरू केलेलं हे गाणं आहे. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीनं त्यावर लगेच विचारलं, "मग आजीसाठी आपण काय सुरू करायचं?"

एक गोष्ट वडीलधाऱ्यांना आधीच सांगावी, म्हणजे हिरमोड होत नाही. त्यांच्या आठवणीतला सवाई रात्रभर चालणारा, रमणबाग शाळेच्या मैदानावर पहाटेच्या थंडीत भैरव-तोडीपर्यंत पोचणारा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले आणि उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागू लागले. वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. आपले राग दिवसाच्या वेळेशी बांधलेले, त्यामुळे संध्याकाळच्या सत्रात मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा, यमन, मारुबिहाग, बागेश्री हे राग ऐकायला मिळण्याची शक्यता चांगली. रात्री उशिराचा मालकंस किंवा दरबारी हवा असेल तर सवलतीचा दिवस आणि शेवटचा कलाकार पाहा. ललत, तोडी, अहिर भैरव हवा असेल तर सकाळचं सत्र नाहीतर दिवाळी पहाट. आईचा जीव तोडीत अडकला असेल आणि तुम्ही तिला संध्याकाळी नेलंत, तर कितीही मोठं नाव असलं तरी तिला हवं ते मिळणार नाही.

वेळ मागे मोजत या

एका सत्रात सहसा तीन-चार कलाकार असतात. तरुण आधी, ज्येष्ठ शेवटी. आधीच्यांना पाऊण ते एक तास, शेवटच्यांना जास्त. वेळापत्रक पुढे सरकतं, हे गृहीतच धरा. ज्या गायकासाठी जाणार आहात त्यांच्या आधीच्या कलाकाराचा शेवटचा अर्धा तास सापडेल अशा बेतानं पोचा. तेवढ्यात कान आणि अंग दोन्ही जागेवर येतात, आणि सामान लावणं, शाल पांघरणं हे सगळं आपल्या गाण्यात करावं लागत नाही. आईची ताकद अडीच तासांची आहे असं धरलं, तर त्यातला दीड तास तिच्या गाण्याला मिळाला पाहिजे.

आमच्यातले दोघं लवकर जाऊन बसले आणि बाकीचे आईला घेऊन साडेसहाला आले. तिकीट प्रत्येकाचं वेगळं जवळ ठेवलं की हे जमतं. सगळी एकाच्या फोनमध्ये ठेवली तर दारात खोळंबा होतो.

जागा

भारतीय बैठकीला मान आहे, मलाही तिथेच बसायला आवडतं. पण गुडघे, कंबर किंवा मधुमेह असलेल्या माणसासाठी खुर्चीच. खुर्ची घेतल्यावरही तीन गोष्टी बघा.

पहिली, रांगेची कड. मध्येच उठावं लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागू नयेत, ही भीती असली की म्हातारं माणूस पाणीच पीत नाही. आई आधीच्या वेळी दिवसभरात अर्धा पेलासुद्धा पाणी प्यायली नव्हती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरी, स्वच्छतागृह. पोचल्यावर सर्वांत आधी एकानं जाऊन ते कुठे आहे, वाटेत पायऱ्या किंवा केबल आहेत का, उजेड आहे का, हे पाहून यावं.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पुढे बसलं की चांगलं ऐकू येतं, हा समज मोठ्या मांडवात चुकीचा ठरतो. अगदी पुढे एका बाजूला बसलात तर मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या तोंडावर येता. तबला ठणठणतो, तानपुरा नाहीसा होतो. मांडवात मध्यावर, जरा मागे, ध्वनिनियंत्रणाचं टेबल असतं. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे योग्य वाटतं ते सगळ्या मांडवाला देत असतो. म्हणून त्याच्या आसपास, शक्यतो त्याच्या थोडं पुढे बसा. कलाकाराचा चेहरा लहान दिसेल, पण स्वर स्वच्छ येईल.

कानातलं यंत्र

घरच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र असेल तर हा भाग नीट वाचा, कारण इथे थोड्या तयारीनं फार फरक पडतो. श्रवणयंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बेतलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज ती गोंगाट समजून दाबतात. तानपुरा नेमका तसाच चालू राहतो. शिवाय यंत्रातून शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते. लांब धरलेला षड्ज (सा) किंवा बासरीचा स्थिर सूर तिला शिट्टीसारखा वाटतो आणि ती तो थोपवायला जाते. मग स्वर थरथरल्यासारखा, बेसूर ऐकू येतो. माझ्या एका काकांनी "हल्लीच्या गायकांचा सूर लागत नाही" म्हणून मैफलींना जाणंच सोडलं होतं. दोष गायकांचा नव्हता, यंत्राच्या सेटिंगचा होता.

कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी श्रवणतज्ज्ञाकडे जा आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून मागा. बऱ्याच यंत्रांत तशी सोय असते. त्यात गोंगाट दाबणं बंद किंवा कमी करतात आणि शिट्टी थोपवणं सौम्य करतात. घरी येऊन तानपुऱ्याचं ॲप लावून तपासा. मग एखादी ख्यालाची ध्वनिमुद्रिका ऐकवा. जमलं नाही तर परत जायला वेळ हाताशी हवा, म्हणून आदल्या दिवशी हे करू नये. सुट्या बॅटऱ्या पिशवीत घाला आणि प्रोग्रॅम बदलायचं बटण घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा.

मुलांना काय सांगायचं, काय नाही

"शांत बसायचं हं" एवढीच तयारी करून मुलांना नेलं, तर त्यांच्या लेखी मैफल म्हणजे तीन तासांची शिक्षा होते. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला रात्रीच्या सत्राला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला घरच्या बैठकीत किंवा सकाळच्या तासाभराच्या कार्यक्रमात न्या. सात-आठच्या पुढच्यांना मात्र जरूर न्या, आणि तीन आठवडे आधीपासून रोज दहा मिनिटं द्या.

आम्ही फक्त एक खेळ शिकवला: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ओळखायची. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजायच्या. १, ५ आणि १३ला टाळी, ९ला हात उलटा करून खाली.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

नवव्या मात्रेनंतर 'धिं'च्या जागी 'तिं' येतो, डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमारा जातो, हे एकदा कानाला कळलं की मुलं तालात हरवत नाहीत. पहिल्या आठवड्यात मध्य लयीतली बंदिश लावा. गायक फिरून बंदिशीच्या मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळीवर, येतो आणि समेवर उतरतो, तेव्हा मुलांनी मान डोलवायची. आमच्याकडे जो अचूक पकडेल त्याला आजी शेंगदाण्याची चिक्की द्यायची, आणि आजीचंही ऐकणं व्हायचं.

विलंबितासाठी मुलांना आधीच सावध करा. विलंबित एकतालाच्या बाराच मात्रा असल्या तरी लय इतकी संथ असू शकते की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिट किंवा त्याहून जास्त चालतं. मुलांना तिथे काहीच घडत नाही असं वाटतं. त्या वेळी मोजायला लावू नका. एकच प्रश्न द्या: "आत्तापर्यंतचा सर्वांत वरचा सूर कुठला लागला? त्याच्यावर कधी जातील?" गायक एकेक स्वर उलगडत वरच्या षड्जाकडे जातो. तो लागतो तेव्हा सगळा मांडव सैलावतो, आणि मुलांना ते स्वतःहून कळतं. माझ्या मुलीनं त्या क्षणी माझा हात घट्ट धरला होता.

आणि एक गोष्ट जरूर सांगा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या आवाजातली भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अवकाशात गेली. ती यानं आज सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहेत. हे ऐकल्यावर नऊ वर्षांचं मूल भैरवी म्हणजे काय हे स्वतः विचारतं.

त्या दिवशी

दुपारचं जेवण साधं: वरण-भात, भाजी, थोडा शिरा. पुरणपोळीचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा, नाहीतर मांडवात पेंग येते. जेवून ज्येष्ठांनी आणि मुलांनी तासभर आडवं व्हायचंच. साडेपाचला चहा-पोहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर रात्रीच्या जेवणाची वेळ आधी ठरवा, कारण आवडतं गाणं चालू असताना उठून कुणी खात नाही. आम्ही आईला निघायच्या आधी अर्धी भाकरी आणि मुगाची उसळ दिली, आणि दोन कलाकारांच्या मधल्या वेळात सोलून ठेवलेलं संत्रं.

पिशवीत हे हवं:

- प्रत्येकी शाल. ज्येष्ठांना कानटोपी आणि पायमोजेसुद्धा. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा बऱ्याचदा दहा-बारा अंशांवर येतो आणि मांडव सगळीकडून बंद नसतो
- पाठीला लहान उशी, पायाखाली ठेवायला छोटा पाट
- पाणी, औषधं, चुरचुर वाजणाऱ्या पाकिटात नसलेला खाऊ
- छोटी विजेरी, फोनच्या उजेडानं मागच्यांना त्रास होतो म्हणून
- वही आणि पेन्सिल

अलीकडची काही वर्षं महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होत आला आहे. तिकीट काढताना त्या वर्षीचं ठिकाण खात्रीनं बघा. स्वारगेटचं मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४पासून सुरू झालं, तिथून रिक्षानं मुकुंदनगर जवळ आहे. तरुणांनी मेट्रोनं यावं. ज्येष्ठांना मात्र दारापर्यंत गाडी किंवा रिक्षा. गाडी लावायला गेलेला माणूस वीस मिनिटं परत येत नाही, म्हणून आईसोबत उतरायला दुसरं कुणी हवं.

मांडवात

आत-बाहेर करणं दोन कलाकारांच्या मधे. उशीर झालाच तर द्रुत, म्हणजे शेवटची जलद बंदिश, संपून टाळ्या होईपर्यंत कडेला उभं राहा. फोन नुसता सायलेंट नको, पूर्ण बंद. एकाचाच चालू, घरच्या अडीअडचणीसाठी. रेकॉर्डिंग करू नका. मांडीवर ताल धरायचा असेल तर बोटांनी, तळहातानं नाही.

दाद द्यायला मात्र लाजू नका. आपल्याकडे गाणं मुकाट ऐकायचं नसतं. तिहाई, म्हणजे तीनदा म्हटलेला तुकडा, समेवर नेमकी पडली, एखादी जागा अंगावर आली, तर "वा!" आपोआप निघतो आणि गायकापर्यंत पोचतो. मुलांना हे सांगा, नाहीतर ती मोठ्यांकडे बघून दबकतात. तबलजीच्या लग्गीवर, म्हणजे जलद वाजवण्यावर, टाळ्या पडतात, तशी पेटीवाल्यांनी गायकाची तान अलगद उचलून परत दिली तर तिकडेही लक्ष द्यायला शिकवा.

वाढदिवसाची चिठ्ठी मंचावर पाठवून "आज अमुक यांची पंचाहत्तरी आहे" असं सांगायला लावू नका. गायकाचा सूर लागत असतो, त्यात हे नको. फर्माईश छोट्या बैठकीत शोभते, महोत्सवात नाही. केकही नको. आम्ही मध्यंतरात बाहेरच्या स्टॉलवर सगळे उभे राहून चहा प्यायलो आणि मुलीनं आजीला हातानं केलेलं कार्ड दिलं. त्यात आतल्या बाजूला रिकामी चौकट होती: 'आज ऐकलेले राग'. रात्री ती आजीनं स्वतःच्या अक्षरात भरली.

जाणं जमणारच नसेल तर

प्रवास झेपत नसेल तर मैफल घरी आणता येते, आणि खरं सांगायचं तर काही ज्येष्ठांसाठी तेच उत्तम. चाळीस-पन्नास माणसांची खोली, सतरंजीवर पांढरी चादर, मागे लोड, एक समई. ध्वनिवर्धक नको, इतक्या जवळून माणसाचा आणि तानपुऱ्याचा खरा आवाज ऐकणं हे सुख मांडवात मिळत नाही. तुमच्या गावातल्या गायन शिक्षकांना विचारा, त्यांना तयारीचे तरुण गायक माहीत असतात.

मानधन आधी आणि स्पष्ट बोला. गायकाचं वेगळं, तबला आणि पेटीच्या साथीदारांचं वेगळं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. "घरचाच कार्यक्रम आहे" म्हणून कमी देणं बरोबर नाही. वाद्यं जुळवायला त्यांना स्वतंत्र खोली आणि निदान अर्धा तास द्या. पंखा तानपुऱ्यावर येऊ देऊ नका. कुकरची शिट्टी, दाराची बेल, खालची मोटर या तिन्हींचा बंदोबस्त करा. इथे फर्माईश आठवडाभर आधी, विनंती म्हणून कळवता येते, आणि ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना गायकाच्या अगदी समोर आरामखुर्चीत बसवता येतं.

परतताना

शेवटच्या कलाकाराच्या टाळ्या पडल्या की सगळे एकदम उठतात. ज्येष्ठांना त्या गर्दीत ढकलू नका. दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहा, रिक्षा किंवा गाडी नंतरची सांगून ठेवा. महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी जाणार असाल तर सांगता सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणानं, भैरवीतल्या ठुमरीनं करण्याची परंपरा आहे. ती ऐकून मगच उठा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम काही ठेवू नये. पुरणपोळी, आणि कार्डावर लिहिलेल्या रागांपैकी एकाची जुनी ध्वनिमुद्रिका, शक्यतो वेगळ्या कलाकाराची. तोच राग दुसऱ्या गळ्यातून ऐकला की मुलांनाही कळतं की काय तसंच राहिलं आणि काय बदललं. आमच्या कार्डावर तीन राग होते. आईनं मारुबिहाग लावायला सांगितला, जेवण झाल्यावर परत सांगितला, आणि संध्याकाळी दिवे लावताना तिसऱ्यांदा.